स्वॅप २ जीबी भरलाय, रॅम खरंच कमी पडतेय का?

प्रश्न:
लिनक्स सर्व्हर, रॅम १६ जीबी, स्वॅप (रॅममधला मजकूर तात्पुरता हलवायची डिस्कवरची जागा) ४ जीबी. ‘फ्री -एम’ या कमांडचे आकडे (एमबीत): फ्री ३१०, शेअर्ड ५२००, बफ/कॅश ७९००, अव्हेलेबल २७००, स्वॅप वापरात २१००. दिवसा सगळं सुरळीत. रात्री बॅकअप सुरू झाला की डेटाबेसच्या क्वेरी रेंगाळतात. रॅम वाढवू, की स्वॅपिनेस (लिनक्सनं स्वॅपकडे किती वळावं याचं सेटिंग) ६० वरून १० वर आणू?

उत्तर १:
‘फ्री’च्या आकड्यावर जाऊ नका. मोकळी रॅम कर्नल (लिनक्सचा गाभा) फाईल कॅशला, म्हणजे डिस्कवरच्या फाईलींच्या रॅममधल्या प्रतींना लावतो, म्हणून तो आकडा सहसा लहानच असतो. बघायचं ते ‘अव्हेलेबल’, म्हणजे नव्या कामाला मिळू शकणारी रॅम. स्वॅप नुसता भरलेला असणं हाही दोष नाही. एकदा स्वॅपमध्ये गेलेली पानं (मेमरीचे छोटे तुकडे) कोणी मागितली नाहीत तर तिथंच पडून राहतात, त्यानं काही अडत नाही.

बॅकअप चालू असताना ‘व्हीएमस्टॅट १’ लावा आणि ‘एसआय’ (स्वॅपमधून रॅममध्ये येणारं), ‘एसओ’ (रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं) हे रकाने बघा. पहिली ओळ सोडून द्या, ती बूट झाल्यापासूनची सरासरी असते. दोन्ही सतत हजारांत राहिले आणि सोबत ‘डब्ल्यूए’ (डिस्कची वाट बघण्यात गेलेला सीपीयूचा वेळ) चढला तर टंचाई खरी.

उत्तर २:
माझी नजर शेअर्ड ५२०० वर आहे. टीएमपीएफएसमधल्या (डिस्कऐवजी मेमरीत राहणाऱ्या फाईल सिस्टीममधल्या) फाईल बफ/कॅशमध्ये मोजल्या जातात, पण साध्या कॅशसारख्या टाकून देता येत नाहीत. गेल्या तर स्वॅपमध्येच जातात. डेटाबेसची शेअर्ड मेमरीही (त्याच्या प्रोसेस मिळून वापरतात ती) त्याच आकड्यात असते, ती वजा करा. ‘डीएफ -एच -टी टीएमपीएफएस’ काय सांगतं?

प्रश्नकर्ता:
बॅकअपच्या वेळी एसआय ५-६ हजार, एसओ ३ हजारांच्या आसपास. /टीएमपी टीएमपीएफएसवर आहे आणि त्यात ३.४ जीबी, जवळपास सगळे बॅकअपचे जुने डंप (डेटाबेसच्या प्रतींच्या फाईली).

उत्तर २:
मग रॅम घेण्याआधी हे करा. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये टीएमपीडीआयआर (तात्पुरत्या फाईली कुठे ठेवायच्या ते सांगणारं सेटिंग) बदलून /व्हार/टीएमपी द्या (तो डिस्कवरच आहे ना, हे आधी बघा) आणि जुने डंप पुसा. पुसूनही जागा सुटली नाही तर एखाद्या प्रोसेसनं फाईल उघडी धरलेली असते. ‘एलएसओएफ +एल१’ ती दाखवतो. स्वॅपमध्ये गेलेली त्या फाईलींची पानं पुसताक्षणी आपोआप मोकळी होतात.

स्वॅपिनेस १० केल्यानं इथं फार तर डेटाबेसचा फाईल कॅश आधी कापला जाईल, म्हणजे क्वेरी डिस्कवर वाट बघत बसतील. आणि स्वॅप बंद करणाऱ्या ‘स्वॅपऑफ -ए’ची घाई नको. उरलेला स्वॅप ‘अव्हेलेबल’मध्ये सहज मावत असेल तरच चालवा, नाहीतर रॅम आणखी कमी पडेल.