गोल्फचा ड्रायव्हर बदलायचाय, टेन-के घेऊ, लो स्पिन घेऊ की ड्रॉवाला? डोकं चक्रावलंय

वाकडाफटका

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज विचारूनच टाकतो. माझा ड्रायव्हर (पहिला लांब फटका मारायचा क्लब) साधारण दहा वर्षं जुना आहे, ४६० सीसी हेड, ९ डिग्री लॉफ्ट (फेसचा, म्हणजे बॉल लागतो त्या बाजूचा, कल), स्टिफ शाफ्ट (कडक दांडा), होझल (हेड आणि दांड्याचा सांधा) फिक्स म्हणजे काही फिरवता येत नाही. हँडिकॅप १८ च्या आसपास. आयर्न (आखूड लोखंडी क्लब) बरे चालतात पण टीवर (खुंटीवर बॉल ठेवून सुरुवात करतात तिथे) ड्रायव्हर घेऊन उभा राहिलो की बॉल सरळ निघतो आणि मग वळत वळत उजवीकडच्या झाडीत जातो. मधूनच एखादा असा बसतो की सोबतचे बघतच राहतात, आणि त्या एका फटक्यापायी मी अजून हा ड्रायव्हर सोडलेला नाही. रेंजवरच्या मशीनवर स्विंग स्पीड ९० ते ९३ मैल येतो.

आता नवीन घ्यायचं ठरवलंय तर एक जण म्हणतो टेन-के घे, दुसरा म्हणतो लो स्पिन (बॉल कमी फिरवणारा) घे लांब जाईल, तिसरा म्हणतो ड्रॉ बायसवाला (बॉल डावीकडे वळवणारा) घे स्लाइस (हे उजवीकडे वळणं) जाईल. शिवाय एकाने सांगितलं की जुन्या ड्रायव्हरचा फेस मरतो, त्यात उसळी राहत नाही, म्हणून तसाही बदलच. हे खरंय का? आणि नेमकं काय बघून घ्यायचं?

लॉफ्टवाला

सगळ्यात आधी लो स्पिनवाली हेडं यादीतून काढून टाका. ती ज्यांचा स्पीड जास्त आहे आणि ज्यांचा बॉल हवेत फुगतो त्यांच्यासाठी असतात. ९० च्या स्पीडला स्पिन फारच कमी झाला तर बॉल हवेत टिकतच नाही, पटकन खाली बसतो. आणि अशा हेडांत वजन पुढे, फेसच्या जवळ ठेवलेलं असतं त्यामुळे मधोमध नाही बसला की शिक्षाही जास्त.

दुसरं म्हणजे ९ डिग्री. हा आकडा टीव्हीवर बघून लोकांच्या डोक्यात बसलाय. ट्रॅकमॅन या मोजमापाच्या मशीनचे, व्यावसायिक टूरचे सरासरी आकडे बरीच वर्षं फिरताहेत ते बघा. पुरुषांच्या टूरवर क्लब स्पीड ११३ मैलांच्या आसपास, बॉल साधारण ११ डिग्रीने निघतो आणि कॅरी (बॉल हवेतून जातो ते अंतर) २७५ यार्ड. महिलांच्या टूरवर क्लब स्पीड ९४, बॉल १३ डिग्रीच्या वर निघतो, स्पिन मिनिटाला २६०० फेऱ्यांच्या आसपास, कॅरी २१८. तुमचा स्पीड कुठल्या रांगेत बसतो ते तुम्हीच बघा. म्हणजे नक्कल करायचीच तर महिला टूरची करा, आणि त्या वर जाणाऱ्या स्विंगने मारतात हेही लक्षात घ्या. तुमच्यासारख्याने १०.५ च्या खाली जायचं काही कारणच नाही, १२ सुद्धा ट्राय करा, लाज वाटून घेऊ नका, सोलवरचा (हेडच्या तळावरचा) आकडा कुणी वाचायला येत नाही.

आणि लॉफ्ट वाढला की स्लाइसलाही थोडा आराम पडतो बरं का, कारण बॅकस्पिन वाढला की बॉलच्या फिरण्याचा अक्ष कमी कलतो. तोच बॉल ९ ने झाडीत गेला असता तो १२ ने रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) थांबेल.

सरळरेघ

सगळे लगेच सामान विकत घ्यायला सांगतात. स्लाइस होतो कारण इम्पॅक्टला फेस स्विंगच्या मार्गापेक्षा उघडा असतो, बास. ड्रायव्हर कोणताही घ्या, हात तेच आणि मार्ग तोच. आधी कोचकडे जा, दोन-चार महिने ग्रिप आणि मार्ग सुधारा, मग मोजमाप करून घ्या. नाहीतर आज स्लाइससाठी घेतलेला ड्रायव्हर उद्या स्विंग सुधारल्यावर हुक (डावीकडे वळणारा फटका) मारायला लागेल.

टीवरची

सरळरेघ, तत्त्व म्हणून बरोबर आहे तुमचं पण अर्धंच. चुकीच्या मापाच्या काठीने माणूस धडेही चुकीचेच शिकतो. ९ डिग्री आणि कडक शाफ्ट हातात असला की बॉल वर जात नाही म्हणून माणूस नकळत मागे झुकून उचलायला बघतो, फेस उघडतो, आणि मग कोच तेच सोडवत बसतो. दोन्ही एकदमच चालू द्या की.

मला शाफ्टबद्दल बोलायचंय कारण त्यावर कुणीच बोलत नाही. एक तर कडकपणाच्या आर (रेग्युलर), एस (स्टिफ), एक्स या अक्षरांना सगळ्या कंपन्यांमध्ये मिळून कुठलंही एकच माप नाही. एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफइतका कडक असू शकतो. मी स्वतः पुरुषांच्या रॅकमधला रेग्युलर वापरते आणि माझ्यापेक्षा जोरात मारणारे काका सीनिअर वापरतात, दोघांचंही छान चाललंय. त्यामुळे अक्षर बघून घेऊ नका. वजन बघा, ५० ग्रॅमचा आणि ६५ ग्रॅमचा एकामागोमाग मारून बघा, हाताला लगेच कळतं कोणत्या वजनाने लय टिकते. हलका म्हणजे आपोआप वेगवान असंही नसतं, काही जणांचा हलक्याने टायमिंगचा पार विचका होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लांबी!! दुकानात येणारे ड्रायव्हर आजकाल ४५.५ ते ४५.७५ इंच असतात, टूरवरचे बरेच खेळाडू त्याहून आखूड वापरतात. जे रोज शेकडो बॉल मारतात तेच आखूड वापरतात आणि आपण आठवड्यातून एकदा खेळणारे लांब घेऊन फिरतो, आहे की नाही गंमत. नियमाने क्लब ४८ इंचांपर्यंत चालतो, मोठ्या स्पर्धांना ४६ ची मर्यादा लावता येते २०२२ पासून, पण ती मर्यादा गाठायलाच हवी असं कुठेय.

जुनीकाठी

फेस मरतो हे पूर्ण उलटं आहे राव. टायटॅनियमचा पातळ फेस मारून मारून जरा जास्तच लवचिक होत जातो आणि मग एक दिवस तडकतो. तडकेपर्यंत उसळी कमी नाही होत, झालीच तर वाढते. नियमात यासाठी सीटी नावाची चाचणी आहे, छोटा लोलक फेसवर आपटून किती मायक्रोसेकंद चिकटून राहतो ते मोजतात, सवलत धरून २५७ ची हद्द आहे. २०१९ च्या ओपन स्पर्धेत पोर्टरशला झँडर शॉफले या खेळाडूचा ड्रायव्हर याच चाचणीत नापास झाला होता आणि त्याला ऐनवेळी दुसरा घ्यावा लागला. तेव्हा तुमच्या ड्रायव्हरच्या मयताची तयारी करू नका, आधी क्राउन (हेडचा वरचा भाग) आणि फेसच्या सांध्यावर बारीक चीर आहे का बघा, आवाज बदललाय का बघा. नसेल तर तो ठणठणीत आहे.

मी पर्सिमनच्या लाकडी ड्रायव्हरवर शिकलेला माणूस. १९९१ ला पहिली बिग बर्था (एक ड्रायव्हर) आली ती स्टीलची, १९० सीसी, आणि ती आम्हाला तेव्हा भोपळा वाटली होती. आज ४६० आहे आणि २००४ पासून तीच कमाल मर्यादा आहे. म्हणजे आकारही बांधलेला, उसळीही बांधलेली. मग दरवर्षी दहा यार्ड वाढतात म्हणतात ते येतात कुठून? मधोमध मारलेल्या बॉलला तुमचा दहा वर्षं जुना आणि आजचा नवा यात नावापुरता फरक पडेल. फरक पडतो तो बाजूला लागलेल्या बॉलला.

वाकडाफटका

वा, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. लॉफ्टवाले, कोचिंग चालू करतोय तेही सांगून टाकतो म्हणजे सरळरेघ शांत होतील 😄

काल फेसवर पायाला लावायचा पावडरचा स्प्रे मारून बॉल मारले. खुणा बहुतेक सगळ्या खालच्या बाजूला आणि हीलकडे, म्हणजे होझलच्या बाजूला. मधोमध अगदी थोड्या. याचा अर्थ काय घ्यायचा? आणि टेन-के म्हणजे नेमकं काय ते अजून कुणीच सांगितलं नाही.

लॉफ्टवाला

हे आधी सांगितलं असतं तर अर्धी चर्चा वाचली असती, तुमची केस जवळपास सुटली की हो.

बॉल हीलला लागला की हेड स्वतःभोवती थोडं फिरतं आणि बॉल त्याच्या उलट फिरतो, दोन दात्यांची चाकं एकमेकांत अडकल्यासारखा. म्हणूनच त्याला गिअर इफेक्ट म्हणतात. उजव्या हाताच्या खेळाडूला हीलचा फटका म्हणजे स्लाइसचा जादा स्पिन, टोचा (हेडच्या टोकाकडचा) फटका म्हणजे हुकचा. फेस सपाट नसून थोडा फुगीर केलेला असतो तो याच्याच भरपाईसाठी. आणि फेसच्या खालच्या भागात लागला की बॉल खालून निघतो पण बॅकस्पिन वाढतो. म्हणजे तुमचा बॉल खालून निघून, फिरत, उजवीकडे. स्विंगचा मार्ग अगदी बरा असला तरी हीलचा फटका एकटाच बॉल झाडीत नेऊ शकतो, आणि यात ब्रँडचा काही संबंध नाही.

आता टेन-के. हेड फटक्याने वळायला किती विरोध करतं त्याचं माप म्हणजे एमओआय. हील-टो दिशेच्या एमओआयला नियमाने ५९०० (ग्रॅम-चौरस सेंमी) ची मर्यादा आहे, थोड्या सवलतीसह. मग दहा हजार कुठून आले? तर हील-टोचा आकडा आणि वर-खालीचा आकडा, दोन्हींची बेरीज केली की दहा हजारांच्या वर जाते. २०२४ ला पिंग आणि टेलरमेड दोघांनीही अशी हेडं आणली. बेरीज जाहिरातीसाठी असली तरी हेड खरंच स्थिर असतं, बाजूला लागलेल्या बॉलचा स्पीड फारसा घटत नाही आणि वळणही कमी होतं, यात वाद नाही. फक्त वजन मागे आणि रुंद पसरलेलं असल्यामुळे काहींना ते हेड बंद करायला जड जातं, तुम्हाला तसं होतंय का हे मारूनच कळेल.

ड्रॉवाल्याबद्दल, हीलकडे वजन असलेलं हेड तुमच्यासाठी वाईट नाही, कारण हेडचा गुरुत्वमध्यच तुमच्या खुणांच्या जवळ येतो. पण माझा कल तरीही जास्त एमओआय, जास्त लॉफ्ट आणि आखूड शाफ्ट याकडे. सरळरेघ म्हणतात तसा स्विंग बदलला तरी हे तिन्ही उपयोगीच राहतात, ड्रॉवालं कदाचित नाही राहणार.

टीवरची

हील आणि खाली?? मग काही घ्यायच्या आधी दोन गोष्टी फुकटात करून बघा. टी उंच करा, एवढा की अर्धा बॉल क्राउनच्या वर दिसला पाहिजे. आणि ग्रिपवर इंचभर खाली पकडा. खुणा मध्याकडे सरकल्या तर तुम्हाला आखूडच शाफ्ट हवा हे सिद्ध झालं. नंतर कापून घेताना एक लक्षात ठेवा, अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप) साधारण तीन अंकांनी उतरतं, हेड हलकं हलकं लागायला लागतं. ते परत आणायला हेडवर पाच-सहा ग्रॅम लेड टेप लावतात किंवा जड वजनाचा स्क्रू बसवतात. नुसतं कापून घेऊन येऊ नका.

डावाहात

मध्येच घुसतोय, माफ करा. आम्हा डावखुऱ्यांना १२ डिग्री बऱ्याच मॉडेलांत मिळतच नाही, १०.५ घेऊन होझल फिरवून वर नेला तर चालतं का?

लॉफ्टवाला

चालतं, पण लॉफ्ट वाढवला की फेस जरा बंद दिसतो, कमी केला की उघडा. स्लाइसवाल्याला हा बोनसच. हुकवाल्याने मात्र जपून.

सरळरेघ

हीलला लागत असेल तर मी काही अंशी मागे येतो 🙂 कोचला त्या पावडरच्या खुणा दाखवा, बॉलपासून किती लांब उभे राहता तेही बघायला सांगा.

फिटिंगला (मापाप्रमाणे क्लब निवडायला) जाल तेव्हा जुना ड्रायव्हर सोबत न्या. तोच त्याच दिवशी, त्याच मशीनवर, नव्याच्या मध्ये मध्ये मारा, सुरुवातीला नाही, मध्ये मध्ये. अंग गरम झाल्यावर कुठलाही ड्रायव्हर लांबच जातो आणि नेमका तेव्हाच नवीन हातात दिलेला असतो. सगळ्यात लांब गेलेला बॉल विसरा, सगळ्यात वाकडे गेलेले किती रुंद पसरले ते बघा. आणि शक्य असेल तर आपण खेळतो तोच बॉल मारा, रेंजच्या बॉलवरचे स्पिनचे आकडे कशाचेही कसेही येतात.

वाकडाफटका

टी उंच करून, खाली पकडून मारून आलो. खुणा मध्याच्या बऱ्याच जवळ आल्या, अजून हीलकडेच पण खाली नाहीत. बॉल वर जातोय हे बघूनच बरं वाटलं. तर आता ठरवलंय की जास्त एमओआयचं हेड, १०.५ आणि १२ दोन्ही मारून बघणार, शाफ्ट ४५ इंच किंवा कमी, अक्षराकडे न बघता ५५-६० ग्रॅमपासून सुरुवात. वापरलेला मिळाला तर चालेल का? आणि होझल फिरवायचं ते राऊंडच्या मध्ये फिरवता येतं का, म्हणजे पहिल्या नऊ होलला नाही जमलं तर?

जुनीकाठी

वापरलेला बिनधास्त घ्या, पण हेड कानाजवळ हलवून बघा, आत काही खुळखुळतंय का. मधला स्क्रू झिजलेला नको, किल्ली सोबत मागून घ्या, आणि स्लीव्ह (शाफ्टच्या टोकाची, हेडात बसणारी नळी) कंपनीगणिक वेगळी असते त्यामुळे एकीचा शाफ्ट दुसरीच्या हेडात बसत नाही हे ध्यानात ठेवा. क्लबच्या स्पर्धा खेळत असाल तर मॉडेल आणि लॉफ्ट दोन्ही आर अँड ए या नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या मान्य हेडांच्या यादीत आहेत का तेही तपासा, विशेषतः नाव ओळखीचं नसेल तर.

राऊंडच्या मध्ये मात्र फिरवायचं नाही. नियम ४.१, पहिल्या टीवर जी सेटिंग तीच शेवटच्या होलपर्यंत. मध्ये बदललं आणि त्याने बॉल मारला तर थेट बाद. किल्ली बॅगेत ठेवायला हरकत नाही, सैल झालेला स्क्रू आवळता येतो तेवढंच.