एजंटच्या इशाऱ्यावर कधी तिघे धावतात, कधी कोणीच नाही

प्रश्न: एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरांत पीआयआर (हालचाल टिपणारे) आणि दाराचे सेन्सर बसवलेत (सेन्सरचं बिनतारी जाळं झिगबी, निरोपांची ने-आण एमक्यूटीटीवर, घराचं सॉफ्टवेअर होम असिस्टंट). भाषा-मॉडेलवर (एआय) चालणारा एजंट त्यांच्या नोंदी वाचून स्वयंसेवकांच्या ग्रुपवर निरोप टाकतो. माणूस झोपलेला असला तरी ‘हालचाल नाही’ जातं. आणि निरोपावर कधी तिघे पोचतात, कधी एकही नाही. काय बदलू?

उत्तर १: इशारा द्यायचा की नाही, हे मॉडेलला ठरवू देऊ नका, तिथे साधा टायमर हवा. पीआयआरला हलणारी उष्णता कळते, खुर्चीत स्वस्थ बसलेला माणूस नाही. म्हणून नुसत्या शांततेवर जाऊ नका. ‘शेवटची हालचाल बाथरूममध्ये, त्यानंतर ४५ मिनिटं घरात कुठेच काही नाही, मुख्य दारही उघडलेलं नाही’ हा नियम कामाचा. मिनिटं त्या घराच्या दोन आठवड्यांच्या नोंदी बघून ठरवा.

उत्तर २: ग्रुपवर निरोप म्हणजे कोणाचीच जबाबदारी नाही. प्रत्येक इशाऱ्याला क्रमांक द्या आणि अवस्था ठेवा: नवा, घेतला, पोचलो, बंद. आधी एकालाच पाठवा. ५ मिनिटांत ‘घेतला’ आलं नाही तर पुढच्या दोघांना, तरीही नाही तर थेट फोन. ‘घेतला’ची नोंद डेटाबेसमध्ये, ‘मालक (इशारा घेणारा) हा रकाना रिकामा असेल तरच लिही’ अशा अटीने. एजंटच्या स्मरणावर सोडली तर दोघांनाही ‘तुम्हीच जा’ म्हणेल. २० मिनिटांत ‘पोचलो’ नाही आलं तर इशारा पुन्हा मोकळा.

प्रश्नकर्ता: मग एजंटला काम काय उरलं?

उत्तर २: ‘निघालोय, दहा मिनिटं’ वाचून योग्य अवस्था भरणं, पाळ्या लावणं, निरोप नीट शब्दांत लिहिणं. पण ‘ठीक असतील हो’ एवढ्यावर त्याने इशारा बंद करता कामा नये.

उत्तर ३: एक राहिलं. हालचालीचे निरोप रिटेन करून (शेवटचा निरोप सर्व्हरवर जपून) ठेवले असतील तर एमक्यूटीटीशी पुन्हा जोडलं जाताना जुनं ‘हालचाल आहे’ परत येतं आणि टायमर शून्यावर जातो. माणूस पडलेला, आणि यंत्रणा निवांत! निरोपातली वेळ तपासा, शिळा असेल तर टाकून द्या. झिगबी२एमक्यूटीटीत (झिगबीचे निरोप एमक्यूटीटीवर आणणारं सॉफ्टवेअर) बॅटरीवरचं उपकरण ‘गायब’ ठरायला मुळात २५ तास लागतात. ते कमी करा, पण तुमचा सेन्सर किती वेळाने स्वतःहून हजेरी लावतो ते आधी बघून. आणि झिगबीचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रेडिओ) यूएसबी ३ च्या पोर्टात थेट खुपसू नका, एक्स्टेंशन केबल लावा. त्या पोर्टाचा गोंगाट झिगबीच्याच २.४ गिगाहर्ट्झवर पडतो.