हातात दुसरी नोकरी नाही, घर माझ्यावर, आणि उद्या राजीनामा टाकायचा विचार आहे

गेजवाला (रविवार, १७ मार्च २०२४, रात्री ११.४०)

मंडळी, घरात सगळे झोपलेत. मुलीचे दहावीचे पेपर चालू आहेत, म्हणून घरात अजून तोंड उघडलेलं नाही. कुणाशी तरी बोलायला हवं म्हणून इथे लिहितोय.

मी चाकण एमआयडीसीत ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मूळचा करमाळा तालुक्यातला, डिप्लोमा मेकॅनिकल, वय ४१. १९ नोव्हेंबर २०१२ ला इन्स्पेक्टर म्हणून लागलो, आता असिस्टंट मॅनेजर. हातात ५२ हजार येतात, बेसिक २४ हजार.

कामाचा कंटाळा आलेला नाही. ऑडिटच्या आदल्या रात्री कंपनीतच झोपलोय, त्याचीही तक्रार नाही. गोष्ट वेगळी आहे. आम्ही दुचाकीच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरची (ब्रेक दाबला की तेलाला दाब देणारा भाग) बॉडी बनवतो. कास्टिंग करताना, म्हणजे वितळलेला धातू साच्यात भरताना, हवा अडकली की आत बारीक पोकळ्या राहतात, त्याला आम्ही ब्लोहोल म्हणतो. वरून नग चकाचक दिसतो. म्हणून शेवटी प्रत्येक नग लीक टेस्टला लावायचा: आत हवेचा दाब भरायचा, काही सेकंद थांबायचं, दाब उतरला तर नग लाल ट्रेमध्ये. मशीनवर भरवसा ठेवता यावा म्हणून एक मुद्दाम भोक पाडलेला नग ठेवलेला असतो. रोज सकाळी पहिला तो लावायचा, मशीनने त्याला नापास केलं तरच शिफ्ट सुरू करायची.

फेब्रुवारीपासून आमचं मशीन त्या फुटक्या नगालाही ‘ओके’ दाखवतंय. सेन्सर गेलाय. मी तीनदा वर सांगितलं. उत्तर एकच: ‘येतोय, ऑर्डर टाकलीय, डिस्पॅच थांबवू नका.’ गाड्या भरून जातायत. सोबतच्या रिपोर्टवर लीक टेस्टच्या रकान्यात जानेवारीचे आकडे थोडे इकडेतिकडे करून भरले जातात आणि खाली सही माझी असते.

मागच्या आठवड्यात घरी येताना तळवड्याच्या चौकात समोर आमचा नग लागतो त्याच मॉडेलची गाडी उभी होती. मागे एक पोरगी, पाठीला दप्तर. सिग्नल सुटला तरी मी तिथेच. मागचे शिव्या घालायला लागले तेव्हा भानावर आलो.

आता घरचं सांगतो. चिखलीत फ्लॅट आहे, हप्ता १७,४००. किराणा, दूध, भाजी, गॅस धरून १३ हजार. आईची शुगरची औषधं २,३००. दोन्ही मुलांची शाळा-क्लास महिन्याला सरासरी ६ हजार. वीज, मेंटेनन्स, मोबाईल, पेट्रोल साडेपाच. गावी वडिलांना तीन हजार (ते शेत सोडून येत नाहीत, आई इथे दवाखान्यासाठी असते). विम्याचे १,८००. झाले ४९ हजार. बायको घरी शिकवण्या घेते, तिचे साडेसहा हजार येतात. म्हणजे माझा पगार थांबला तर महिन्याला साडेबेचाळीस हजारांचं भगदाड. बँकेत एफडी आणि भिशीचे मिळून २ लाख १० हजार आहेत. पाच महिन्यांनाही पुरत नाहीत.

दोन ठिकाणी बायोडेटा दिलाय, उत्तर नाही. उद्या सोमवारी राजीनामा द्यायचा असं जवळजवळ ठरवलंय. नोटीस ६० दिवसांची आहे. कुणी असं केलंय का? आणि केलं असेल तर कुठे चुकलं, ते सांगा. ‘धीर धरा’ सांगू नका, तो धरूनच इथवर आलोय.

सातपूरकर (१८ मार्च, सकाळी ६.५५)

मी केलंय. नाशिकला अंबडमध्ये टूलरूमला होतो. साहेबाशी वाजलं आणि जानेवारी २०२० मध्ये सोडली. पुढे मार्चमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. चौदा महिने घरी. शेवटी मिळाली ती आधीपेक्षा आठ हजारांनी कमी पगाराची.

लॉकडाऊन तुमच्या वाट्याला येणार नाही, पण माझी चूक त्याच्या आधीची आहे. पहिले सहा आठवडे मी घरी सांगितलंच नाही. डबा घेऊन नेहमीच्या वेळी निघायचो आणि तपोवनात जाऊन बसायचो. त्या सहा आठवड्यांत एकही धड अर्ज केला नाही, कारण सगळी ताकद लपवण्यातच जायची. चुकलं कुठे विचारलंत, तर इथे.

निवृत्त ७१ (१८ मार्च, सकाळी ८.२०)

कडू बोलतो, राग मानू नकोस. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी मुंबईत लालबागला साचा खात्यात, म्हणजे मागांवर होतो. कामगार पुढारी डॉक्टर सामंत म्हणाले आणि आम्ही बाहेर आलो. वाटलं, दोन-चार महिन्यांत मिटेल. आमच्यासारखे अडीच लाख होते, तू तर एकटा आहेस. आधी बायकोची बोरमाळ गेली, मग तांब्याची भांडी, मग आम्हीच गावी गेलो. माझा मोठा मुलगा सातवीतून सुटला तो सुटलाच. आज रिक्षा चालवतो. त्या मुलाने मला कधी एका शब्दाने विचारलं नाही, हे जास्त लागतं.

तुला वरचा सांगतो, तू सही करतोस. जबाबदारी वरच्याची. चालू पगारावर लाथ मारून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

गेजवाला (१८ मार्च, दुपारी १.१०, जेवणाच्या सुट्टीतून)

काका, राग नाही. पण जबाबदारी वरच्याची हे कागदावर कुठेच नाही. कागदावर ‘तपासले’ या शब्दापुढे एकट्या माझं नाव आहे.

राजीनामा अजून खिशात आहे. साहेब आज पुण्याला मीटिंगला गेलेत.

पगारपत्रक (१८ मार्च, दुपारी ३.३०)

साहेब पुण्याला गेले ते बरं झालं! मी अठरा वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्ये आहे. खिशातला कागद आज तिथेच राहू द्या. कारण सांगतो.

तुम्ही १९ नोव्हेंबरला लागलात. आज राजीनामा दिलात तर ६० दिवस १७ मे ला भरतात. म्हणजे अकरा वर्षं आणि सहा महिन्यांना दोन दिवस कमी. ग्रॅच्युइटीत (नोकरी सोडताना वर्षांच्या हिशेबाने मिळणारी रक्कम) शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून जास्त दिवस भरले तर ते पूर्ण वर्ष धरतात, नाहीतर सोडून देतात. हिशेब: २४,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे वर्षाला १३,८४६. अकरा वर्षांचे १,५२,३०० होतात, बाराचे १,६६,१५०. दोन दिवसांसाठी पावणेचौदा हजार कशाला सोडायचे? आठवडाभर थांबा. आणि नोटीस पूर्ण भरा. रागात ‘उद्यापासून येत नाही’ म्हणालात तर वर्षही गेलं आणि रिलीव्हिंग लेटरसाठी खेटेही आले. ग्रॅच्युइटी कायद्याने तीस दिवसांत द्यायची असते, तेव्हा पहिल्या महिन्याच्या खर्चात ती धरू नका.

पीएफ काढायचा मोह होईल. काढू नका. तुमची दहा वर्षं झालेली असल्याने पेन्शनचा हक्क लागलाय. नवीन ठिकाणी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच द्या आणि खातं तिकडे वळवा.

आता सहीचं. तोंडी तीनदा सांगितलंत, त्याचा पुरावा शून्य. प्लांट हेडला मेल करा. भाषा साधी ठेवा: अमुक तारखेपासून मास्टर नग (तो मुद्दाम भोक पाडलेला) मशीन पकडत नाही, दुरुस्ती होईपर्यंत या रकान्यावर मी सही करू शकत नाही. कुणावर आरोप नको. मात्र कंपनीचे रिपोर्ट घरच्या मेलवर पाठवू नका की फोटो काढून नेऊ नका, उलट त्यातच अडकवतील. तारखा तेवढ्या घरच्या वहीत लिहा.

आणि एक गोष्ट बाहेरून कळत नाही. तुम्हाला उत्तर न येण्याचं एक कारण ती ६० दिवसांची नोटीस असू शकतं. आम्हाला माणूस पंधरा दिवसांत हवा असतो. राजीनामा दिलेला, शेवटची तारीख ठरलेला उमेदवार आम्ही आधी बोलावतो. तेव्हा हे दोन महिने पगारावर बसून नोकरी शोधायचे आहेत असं समजा.

दुपारचा चहा (१८ मार्च, संध्याकाळी ५.०५)

हिशेब सगळे छान आहेत, पण ‘बायकोचे साडेसहा हजार’ ही ओळ तिला दाखवलीत का? एप्रिल-मेमध्ये शिकवण्या बंद असतात हो. आणि जूनमध्ये मुलीची अकरावी किंवा डिप्लोमा. तिथली फी तुमच्या सरासरी सहा हजारांत बसत नाही. पाच महिन्यांच्या आसपास म्हणताय, ते साडेतीन-चारच धरा.

आमच्याकडे ह्यांनी नोकरी सोडली तेव्हा मला एकोणीस दिवसांनी कळलं. कसं, तर मुलाला डेंग्यू झाला. मी इस्पितळाच्या काउंटरवर कंपनीचं मेडिक्लेमचं कार्ड ठेवलं आणि ती मुलगी म्हणाली, ‘मॅडम, ही पॉलिसी बंद आहे.’ चौतीस हजार भरले, हातातल्या पाटल्या ठेवून. पैशांचं गेलं ते गेलं. पण माझ्या नवऱ्याची नोकरी गेल्याची बातमी मला एका अनोळखी मुलीने द्यावी? चार वर्षं झाली, अजून भांडण निघालं की मी तिथेच पोचते.

कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. आईंना शुगर आहे. नवीन पॉलिसी काढली तर आधीच्या आजारांना थांबायचा काळ लागतो. म्हणून आत्ता नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीला विचारा, की ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, आणि तिथे काढलेली वर्षं धरतात का. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

काकांनी लिहिलेलं वाचून पोटात कालवलं. पण काका, तुमच्या मुलाच्या वेळी तुम्हाला कुणी आधी हिशेब मांडून दाखवला नव्हता. ह्यांना दाखवतायत.

गेजवाला (रविवार, ३१ मार्च, दुपारी ४.१५)

उशीर झाला, माफ करा. काय काय झालं ते सांगतो.

मेल १९ तारखेला टाकला, जवळजवळ पगारपत्रकांच्याच शब्दांत. अर्ध्या तासात प्लांट हेडचं बोलावणं. वीस मिनिटं मी ऐकून घेतलं. ‘मेल करायची काय गरज होती, तोंडी सांगता येत नाही का?’ मी म्हटलं, तीनदा सांगितलं. पुढे ते काही बोलले नाहीत. आणि गंमत बघा, दीड महिना ‘येतोय’ असलेला सेन्सर चौथ्या दिवशी बसला. भोसरीतच मिळाला.

स्टोअरमध्ये अकराशे नग पडून होते. ते सगळे परत लावले, मी स्वतः उभा राहून. चौदा नापास.

मग दुसरा मेल केला: दीड महिन्यात जे गेले त्यांचं काय, ग्राहकाला कळवायचं का? त्याला आजपर्यंत उत्तर नाही. कॅन्टीनमध्ये मात्र माझ्या टेबलावर हल्ली जागाच जागा असते.

मुलीचा शेवटचा पेपर २६ ला झाला. त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं, तुमची उत्तरंही दाखवली. तिला काहीतरी आहे हे माहीत होतं. म्हणाली, ‘तुम्ही झोपेत ओके-ओके म्हणत असता, मला वाटायचं फोनवर कुणाशी बोलताय.’ मग वही काढली आणि माझा हिशेब खोडायला बसली. भिशीचे पैसे मुलीच्या प्रवेशाला वेगळे काढले, तिथे हात लावायचा नाही. सुट्टीत पाचवी-आठवीच्या स्कॉलरशिपची बॅच घेणार आहे, सोसायटीतली सहा मुलं आत्ताच ठरली. गावाकडचे तीन हजार थांबवावेत असं मी म्हणालो, ते तिने थांबवू दिले नाहीत. सध्या केबल बंद.

२८ ला राजीनामा दिला. शेवटचा दिवस २७ मे, म्हणजे ते बारावं वर्ष पदरात पडेल. थांबवायला कुणी आलं नाही, थोडं लागलं. रांजणगावहून एक फोन आलाय. पहिला प्रश्न तोच, ‘किती दिवसांत जॉइन व्हाल?’ पगार पंचेचाळीस सांगतायत. मंगळवारी जाऊन येतो.

विमा कंपनीने आईचे तीन महिन्यांच्या साखरेचे रिपोर्ट मागितलेत. शेवटचा साडेआठचा आहे. नवीन करून द्यावा की आहे तोच, कुणाला अनुभव?

दुपारचा चहा (३१ मार्च, संध्याकाळी ६.३०)

आहे तोच द्या, आणि फॉर्मवर शुगर किती वर्षांपासून आहे ते खरं लिहा. लपवलं की क्लेमच्या वेळी तेच काढतात. तुम्हाला हे मी काय सांगायचं म्हणा.

निवृत्त ७१ (३१ मार्च, रात्री ९.५०)

अकराशेत चौदा म्हणजे एरवीपेक्षा जास्त की तेवढेच?

गेजवाला (३१ मार्च, रात्री १०.०५)

जास्त, काका. एरवी हजारी दोन-तीन निघतात.

निवृत्त ७१ (३१ मार्च, रात्री १०.२०)

माझ्या नातवाने पाडव्याला गाडी बुक केली आहे. कोणतं मॉडेल ते इथे लिहू नकोस. मला खाजगीत कळव.