खरी नावं, खरे खून आणि रचलेले संवाद: मालिकांना हे शोभतं का?

सांजवेळ:
सध्या जुन्या काळातल्या गुन्ह्यांवरच्या मालिका एकामागून एक बघतेय आणि एक प्रश्न डोक्यातून जातच नाहीये. १८८८ ला लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये जॅक द रिपर या कधीच न सापडलेल्या खुन्याने ज्या बायका मारल्या त्या खऱ्या, नावं खरी, गल्ल्या खऱ्या, पण मालिकेत त्यांचं बोलणं, प्रेमप्रकरणं, मरायच्या आधीची घालमेल सगळं लेखकाच्या मनातलं. नवरा म्हणतो सव्वाशेच्या वर वर्षं झाली, आता कोणाला त्रास होणारे. मला पटत नाही पण का ते नीट सांगताही येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

जुना_वाचक:
त्रास कोणाला होतो ते बाजूला ठेवा, खोटं किती पक्कं बसतं ते बघा. सर विल्यम गल, राणी व्हिक्टोरियाचे डॉक्टर, अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा (खाणं टाळून खंगत जाण्याचा आजार) हे नाव ज्यांनी रूढ केलं ते. खून झाले तेव्हा वय ७१, आदल्याच वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. तरी १९८८ ला, खुनांना शंभर वर्षं झाली तेव्हा आलेल्या एका मालिकेने सरळ त्यांनाच खुनी ठरवून टाकलं, पुरावा शून्य. आज कितीतरी लोकांना गल म्हटलं की रिपरच आठवतो. आणि ब्रिटनच्या कायद्यात मेलेल्या माणसाच्या बदनामीचा दावाच लावता येत नाही, म्हणजे निर्मात्याला कोर्टाची भीती नाही. मग उरते फक्त त्याची स्वतःची लाज. मला याचा मनापासून राग येतो.

तिसरी_घंटा:
गलबद्दल शंभर टक्के सहमत, पण म्हणून रचूच नका हे नाही पटत. रिपरने मारलेल्यांपैकीच एक, अ‍ॅनी चॅपमन घ्या. थोरली मुलगी १८८२ ला मेंदूज्वराने गेली, नवऱ्यापासून वेगळी झाली, तो आठवड्याला दहा शिलिंग पाठवायचा ते तो १८८६ मध्ये वारल्यावर बंद झाले, स्वतः आजारी, आणि त्या रात्री लॉजिंग हाउसमधल्या खाटेचे पैसे नव्हते म्हणून बाहेर पडली. हे नोंदींमध्ये आहे, पण त्या नोंदी किती जण वाचतात? चांगल्या नटीने हे उभं केलं तर ती बाई निदान माणूस म्हणून दिसेल, नाहीतर बहुतेक मालिकांत ती पहिल्या सीनमधलं प्रेत असते बस. तिच्या तोंडी दोन वाक्यं घातली म्हणून माझा जीव जात नाही, तिला फक्त प्रेत ठेवलं की जातो.

सांजवेळ:
@तिसरी_घंटा हो, हेच मला सांगता येत नव्हतं! म्हणजे रचणं हा गुन्हा नाही, कोणासाठी रचलं ते बघायचं. पण मग ज्यांचे नातेवाईक अजून हयात आहेत त्यांचं काय?

काठावरून:
तिथे माझं मत एकदम कडक आहे. आधी घरच्यांना भेटा, दाखवणार काय ते सांगा, ते नको म्हणाले तर नावं, गाव, धंदा सगळं बदला. नाट्य त्याने कमी होत नाही, फक्त जाहिरातीत "सत्य घटनेवर आधारित" असं मोठ्या अक्षरात छापता येत नाही, आणि खरी अडचण तीच असते. सुरुवातीला दोन सेकंद येणारी "काही प्रसंग काल्पनिक" ही पाटी माझ्या लेखी काहीच कामाची नाही कारण कुठले प्रसंग ते ती सांगतच नाही. त्यापेक्षा शेवटी स्वच्छ लिहा की अमुक माणूस आम्ही रचला, अमुक भेट झालीच नव्हती, खुनी कोण ते आजही माहीत नाही.