'द एअर्स': अपेक्षाभंग करणारी कोरियन शाळकरी प्रेमकथा. तुमचे अनुभव लिहा

मंडळी, 'द एअर्स' (एसबीएस वाहिनी, २०१३, २० भाग) बघून तुमचा हिरमोड झाला असेल तर इथे सविस्तर लिहा. कथानक उघड झालं तरी चालेल.

सुरुवात मी करते. लेखिका किम उन-सूक, सोबत ली मिन-हो आणि पार्क शिन-ह्ये, म्हणून फार आशेने बसले होते. नायिका चा उन-सांगची आई बोलू शकत नाही, खुणांनी किंवा वहीत लिहून सांगते, आणि एका उद्योगपतीच्या घरी कामाला आहे. मायलेकी त्याच बंगल्यातल्या छोट्या खोलीत राहतात. घरचा धाकटा मुलगा किम तान उन-सांगच्याच शाळेत. केवढं नाट्य होतं यात! पहिल्या भागांत मिळेल ते काम करून पैसे साठवणारी ही बाणेदार मुलगी मालिकेच्या मध्यावर नुसती रडत उभी राहते. दोन मुलं तिच्यावरून भांडतात आणि तिचं मत कुणी विचारत नाही. मला याचा अजून राग येतो.

—

मला सगळ्यात खुपलं ते मनगट धरून ओढणं. माझी लेक नववीत आहे, शेजारी बसून बघत होती. "आई, ती नको म्हणतेय ना?" असं तिनं विचारलं. मी तिथेच मालिका थांबवली आणि आम्ही बराच वेळ बोललो. तिच्यावरून भांडणाऱ्यांतला दुसरा, चे यंग-डो, तर उन-सांगचं गुपित फोडायची धमकी देतो, आणि तरी आपण त्याच्यावर जीव लावावा अशी मांडणी आहे.

—

ताई, धमकीबद्दल सहमत, पण किम वू-बिनने तो यंग-डो असा उभा केलाय की सोडून गेलेल्या आईचा विषय निघाला की पोटात तुटतं. लेखन कमी पडलं, नट नाही.

—

मी खाजगी शाळेत शिकवते. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार २५ टक्के राखीव जागांवर आलेली मुलं माझ्या वर्गात असतात. म्हणून मालिकेतल्या जेगुक हायस्कूलची उतरंड बघताना मी सावरून बसले: वर कंपनीचे वारस, मग समभागांचे, मग प्रतिष्ठित घरांतले आणि तळाशी सवलतीवर आलेले. त्या तळातल्या जुन-यंगला छळून शाळा सोडायला लावतात. मला त्याची गोष्ट हवी होती. डबा उघडताना इकडेतिकडे बघणारी मुलं मी रोज बघते हो. पण तो गेल्यावर मालिका पुन्हा साखरपुडे आणि पार्ट्यांकडे वळते.

—

कॅलिफोर्नियातले सुरुवातीचे भाग फारच लांबले. मी तिथेच सोडली.

—

दोन्ही आया मात्र सोडू नका! तानची आई, त्या घरात राहूनही कागदोपत्री बायको नसलेली, आणि उन-सांगची मुकी आई. एक सतत बडबडते, दुसरी वहीत चार शब्द लिहून तिला गप्प करते. आम्ही सासू-सुना हे प्रसंग मागे नेऊन पुन्हा बघायचो. उन-सांगची आई झालेल्या किम मी-ग्यंगच्या नुसत्या चेहऱ्यात जे आहे ते नायक-नायिकेच्या अख्ख्या प्रेमात सापडलं नाही मला.

—

आणि तानचा थोरला भाऊ किम वॉन? कंपनीसाठी आपलं माणूस सोडतो तो. वारसा म्हणजे काय, हे फक्त त्याच्याच वाट्याला प्रामाणिकपणे आलंय. त्याला जास्त वेळ द्यायला हवा होता.