मदत हवी आहे: नेपरव्हिलचा हिवाळा, आणि गाडी चालवता येत नाही

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. मी वाईची. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, आता निवृत्त. वय ६७. दिवाळी आटोपून मुलाकडे नेपरव्हिलला आले आहे, परतीचं तिकीट एप्रिलचं. शिकागोहून आगगाडीने तासाभराच्या आतलं हे गाव. मुलगा-सून कामावर, नात शाळेत, आणि सध्या साडेचारच्या आत सूर्य मावळतो. दिवेलागणीला उठावं तर घड्याळात अजून दुपारच्या चहाची वेळ!

तक्रार नाही. बर्फ पहिल्यांदाच बघते आहे आणि मला तो आवडला. पण इथले जुने धागे चाळले तर 'आईबाबा हिवाळ्यात येताहेत, त्यांचा वेळ कसा घालवू?' असं मुलांनीच विचारलेलं. उत्तरंही मुलांनाच: इकडे न्या, तिकडे न्या. कोणी नेईल याची वाट बघत बसायचा माझा स्वभाव नाही. माझी मी काय काय करू शकते, एवढंच विचारायचं आहे.

पहिलं म्हणजे शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट, तिथलं कलासंग्रहालय. विवेकानंदांचं १८९३ चं भाषण वर्गात इतकी वर्षं सांगितलं, ती जागा बघायची आहे. चित्रंही बघायची आहेत, सावकाश. मुलगा म्हणतो रविवारी नेतो. रविवारी नातीचा पोहण्याचा वर्ग, वाणसामान, आठवड्याचे कपडे. आणि सगळ्यांबरोबर गेलं की प्रत्येक चित्रापुढे कोणीतरी 'झालं का?' म्हणून विचारतंच. एकटीने आगगाडीने जाता येईल का?

दुसरं, ओव्हन. आमच्याकडे दिवाळीत नानकटाईचं सामान बेकरीत द्यायचं आणि डबा भरून घरी आणायचा. इथे स्वयंपाकघरातच एवढा मोठा ओव्हन आहे, ज्यात सून कढया ठेवते. त्या बाहेर काढून भाजते आहे, पण नानकटाई पसरते आणि खालून करपते. प्रमाण वाईचंच.

वाचायला दिवाळी अंक आणले आहेत, कपडे कमी करून. पण ते फेब्रुवारीपर्यंत पुरायचे नाहीत आणि फोनवर वाचलं की डोळे चुरचुरतात. शिवाय पहाटे घाटावर फिरायची सवय, इथे दाराबाहेर पाऊल टाकायची मनाई. अंग आंबून गेलं आहे. सुचवा काहीतरी.

वऱ्हाडी_ठेचा:

साडेचारला अंधार म्हणजे सहाला जेवण, आठला झोप. इथे लोक याच दिनचर्येचे पैसे घेऊन वर्ग चालवतात, काकू.

लोकलवाला:

काकू, मी रोज त्याच मार्गावर असतो. नेपरव्हिलहून बीएनएसएफ मार्गाची मेट्रा (इथली उपनगरी लोकल) थेट शिकागोच्या युनियन स्टेशनला जाते आणि तेच शेवटचं स्थानक, त्यामुळे कुठे उतरायचं ही चिंताच नाही. सकाळच्या गर्दीनंतरची गाडी घ्या. डबे दुमजली असतात, वरचा जिना अरुंद आहे, खालीच बसा. ६५ च्या पुढे सवलतीचं तिकीट मिळतं. ओळखपत्र कोणतं चालेल ते मात्र आधी विचारून घ्या. उतरल्यावर कॅनाल स्ट्रीटवर या, अ‍ॅडम्स स्ट्रीट पकडा, नदीचा पूल ओलांडा आणि सरळ पूर्वेला चालत राहा. रस्ता जिथे संपतो तिथे समोर आर्ट इन्स्टिट्यूटचे दोन काशाचे सिंह. अंतर साधारण मैलभर. वारा असेल तर चालू नका, जॅक्सनवरून पूर्वेला जाणारी बस घ्या.

मंगळवार-बुधवार संग्रहालय बंद असतं. उघडतं ११ ला, म्हणजे गर्दी टळल्यावर निघालात तरी वेळेत पोचाल. आणि हिवाळ्यात प्रवेश फुकट असतो!

रंगरेषा:

लोकलवाला, जानेवारी ते मार्चमधले ते फुकटचे दिवस इलिनॉयच्या रहिवाशांसाठी असतात, पत्त्याचा पुरावा मागतात. काकू पाहुण्या आहेत. ज्येष्ठांचं तिकीट जरा स्वस्त असतं, तेच घ्यावं. किंवा मुलाच्या कार्डावर गावच्या वाचनालयातून संग्रहालयाचा पास मिळतो का ते विचारावं. उपनगरांतली बरीच वाचनालयं असे पास देतात.

बाई (शिक्षिका आहात म्हणून हेच म्हणते), इतिहासाचं आधी. इमारत तीच आहे, पण सर्वधर्म परिषद भरली ती तात्पुरत्या उभारलेल्या मोठ्या दालनांत. ती आता नाहीत. आतला फुलर्टन हॉल दाखवून लोक 'इथेच भाषण झालं' म्हणतात, पण तो हॉल १८९८ चा. मला स्वतःला ती जागा जाणवली ती मोठ्या जिन्यावर. २०१० मध्ये, भाषणाच्याच तारखेला, ११ सप्टेंबरला, मुंबईचा चित्रकार जितिश कल्लाट याने तिथे एक काम मांडलं होतं. विवेकानंदांचं ते भाषण जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत, आणि रंग कुठले, तर अमेरिकेच्या तेव्हाच्या दहशतवादी धोक्याच्या इशाऱ्याचे पाच. पायरी चढताना वाचत जायचं. जिना चढाल तेव्हा एवढं आठवा.

आता चित्रं. सगळं बघायला जाऊ नका, पाय बोलायला लागतात आणि मग काहीच दिसत नाही. मी तुमच्या जागी असते तर पहिल्या खेपेला दोनच ठिकाणी गेले असते. एक, फ्रेंच चित्रकार मोनेच्या गव्हाच्या गंज्या. एकाच विषयावरची १८९०-९१ ची मालिका, आणि त्यातली सहा चित्रं या एका संग्रहालयात आहेत. बर्फातली गंजी बघा, सावलीत किती निळं आहे ते बघा. घरी परतताना गाडीच्या खिडकीतून बाहेरचा बर्फ निराळा दिसेल. दुसरं, तळमजल्याखालच्या थॉर्न रूम्स: ६८ छोट्या खोल्या, फुटाला इंच या प्रमाणात, खुर्चीच्या पायापासून झुंबरापर्यंत सगळं. श्रीमंतांची भातुकलीच म्हणा. तिथे तासभर सहज जातो. भारतीय शिल्पांची आल्सडॉर्फ दालनं दुसऱ्या खेपेला ठेवा.

शिकागो कल्चरल सेंटर तिथून थोडं उत्तरेला, कायम मोफत. १८९७ ला शहराचं सार्वजनिक वाचनालय म्हणून बांधलं. वर टिफनी या नामांकित कारखान्याच्या रंगीत काचेचा ३८ फूट व्यासाचा घुमट आहे. बसायला जागा, स्वच्छतागृह, ऊब. बाकी कशासाठी नाही तरी त्यासाठी लक्षात ठेवा.

निवृत्त_नाना:

मी मुलाच्या बाजूने. आम्ही टोरंटोला बरेच हिवाळे काढले. काळा बर्फ डोळ्यांना दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. खुबा मोडला तर एप्रिलचं तिकीट राहील बाजूला, आणि पाहुण्यांचा विमा काय काय भरून देतो ते पॉलिसीतलं बारीक अक्षर वाचा. एकटीने जाण्याची जिद्द कशाला?

कृष्णाकाठ:

नाना, जिद्द नाही, सवय. वाईहून पुण्याला एसटीने मी एकटीच जाते. पण बर्फाचं पटलं. पडू नये म्हणून काय करायचं ते सांगा, जाऊ नये म्हणून नको.

निवृत्त_नाना:

बरं बाई. बुटांवर चढवायचे रबरी, खाली स्प्रिंगा किंवा खिळे असलेले पट्टे मिळतात, ते घ्या. आत फरशीवर मात्र काढायचे, नाहीतर तिथेच घसराल. पाऊल छोटं, गुडघा किंचित वाकलेला, हात खिशाबाहेर. थर्मलवर पंजाबी ड्रेस, त्यावर लोकर, त्यावर वारा अडवणारा कोट. तापमान बघू नका, वाऱ्यासकट किती वाटतं तो आकडा बघा. मुलाला फोनवर तुमचं ठिकाण दिसेल अशी सोय करून घ्या. बर्फ पडून गेल्यावर दोन दिवस कोरडे गेले की निघा, पडल्या दिवशी नाही.

भट्टीवाली:

माझा विषय आला! काकू, प्रमाण वाईचं आणि तूप नेपरव्हिलचं, इथे गडबड आहे. वाईच्या थंडीत तूप रवाळ थिजलेलं असतं. इथे घर तापवलेलं, तूप मऊ राहतं आणि ओव्हनमध्ये गेल्या गेल्या वाहतं. तूप फ्रिजमध्ये थिजवून मग फेसा. गोळे वळून तबकासकट अर्धा तास फ्रिजमध्ये. साखर पिठीच हवी, दाणेदार असली की जास्त पसरते. सोडा चिमूटभरच, जास्त झाला तरी पसरते. इथला ऑल पर्पज मैदा आपल्यापेक्षा चिवट, पेस्ट्री फ्लोअर (कमी चिवट मैदा) मिळालं तर बघा. मी एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दीड वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन आणि दोन चमचे रवा घेते. वेलदोडा-जायफळ तुमच्या मनाने.

खालून करपते कारण तबक काळं असेल आणि खालच्या कप्प्यात असेल. फिक्या रंगाचं तबक, वर बेकिंगचा कागद, मधला कप्पा. ३२५ फॅरनहाइट म्हणजे साधारण १६३ सेल्सिअस. ओव्हनची शिट्टी वाजेपर्यंत आत काही ठेवायचं नाही. १५ मिनिटांनी बघायला लागा, रंग फिकट असतानाच काढा, बाहेर आल्यावर खुटखुटीत होते. आणि 'ब्रॉइल' या बटणाला हात लावू नका, त्यात फक्त वरची आच पेटते.

लादीपाव जमवायचा असेल तर ओव्हन न पेटवता नुसता आतला दिवा लावा आणि कणीक त्यात फुगायला ठेवा. हिवाळ्यात याहून चांगली उबदार जागा घरात नाही. हो, फोडणी करताना वरचा पंखा लावा, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो आणि शेजारी धावत येतात.

सांधेजोड:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, तपासल्याशिवाय औषध सांगत नाही, बाकी सांगते. शिकागो ४२ अंश उत्तरेला. हिवाळ्यात इतक्या तिरप्या उन्हात कातडीला ड जीवनसत्त्व तयार करता येत नाही, खिडकीच्या काचेआडून तर नाहीच. वाईला चालायचं ते इथे चालणार नाही, तेव्हा भारतातल्या तुमच्या डॉक्टरांना फोन करून गोळी किती घ्यायची ते विचारा. मनावर मळभ येत असेल तर सकाळी २०-३० मिनिटं १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिव्यासमोर बसण्याचा उपयोग होतो. डोळ्याचा आजार असेल तर आधी विचारून.

पहाटेचा हट्ट सोडा, ११ ते २ या उजेडात फिरा. बर्फ असेल तेव्हा मॉलमध्ये. तिथे दुकानं गजबजायच्या आधी फेऱ्या मारणारे बरेच ज्येष्ठ भेटतील. सूर्यनमस्कार खुर्चीचा आधार घेऊन. हीटरने हवा कोरडी होते म्हणून कातडी ओढते, डोळे चुरचुरायचंही तेच एक कारण असू शकतं. खोलीत ह्युमिडिफायर (हवा दमट ठेवणारं यंत्र) लावा, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तीळतेल.

अनुस्वार:

वाचनासाठी: ई-साहित्य प्रतिष्ठानची मराठी पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. फोनऐवजी ई-शाईच्या वाचकयंत्रावर टाका, अक्षर मोठं होतं आणि डोळ्यांवर थेट उजेड येत नाही. विणताना, भाजताना ऐकायचं तर स्टोरीटेल या अ‍ॅपवर मराठी भरपूर आहे. मराठी विश्वकोश तर तुमच्या वाईतच घडतो, तो जालावर पूर्ण खुला आहे. मी कुठलंही अक्षर उघडून बसतो.

आणि नेपरव्हिलच्या सार्वजनिक वाचनालयाच्या तीन शाखा आहेत. नुसतं जाऊन बसायला कार्ड लागत नाही. तिथल्या खिडकीपाशी बसून तुमचे दिवाळी अंक वाचा. महाराष्ट्र मंडळाच्या कोणाला तरी कळवा की माझ्याकडे यंदाचे अंक आहेत, अदलाबदल करू. एकाचे दहा होतील.

कृष्णाकाठ:

सर्वांचे आभार. नानकटाई जमली! तूप थिजवणं हाच इलाज होता. अर्धा डबा सुनेने कचेरीत नेला. अंकांची अदलाबदल सुरू झाली आहे, एक बाई तर डाउनर्स ग्रोव्ह या गावाहून आल्या.

मुलाशी तह झाला आहे. जाताना एकटी, येताना तो कचेरीतून युनियन स्टेशनवर भेटणार. गुरुवार ठरवला आहे, बर्फ नसेल तर. पट्टे आले. एकच विचारायचं राहिलं: पोळी-भाजीचा डबा नेला तर चालेल का? बाहेरचं महाग असतं असं ऐकलं.

लोकलवाला:

डबा गाडीत खा, मेट्रात चालतं. गुरुवारी संग्रहालय रात्री आठपर्यंत उघडं असतं, म्हणजे संध्याकाळच्या गाडीपर्यंत घाई नाही.

रंगरेषा:

दालनात खायला-प्यायला मनाई आहे. मोठी पिशवी जमा करायची, कोटही ठेवता येतो, त्याचा बिल्ला जपून ठेवा. थॉर्न रूम्स आधी करा.