घर बदलताना कपडे कसे आवरलेत? अनुभव सांगा (नाशिककर स्पेशल)

सिडकोची सून:
मंडळी, सिडकोतल्या रो हाऊसमधून पाथर्डी फाट्याच्या पुढे फ्लॅटमध्ये शिफ्ट होतोय. भांड्यांचं काय, फ्रिजचं काय हे सगळे सांगतात, कपड्यांचं विचारलं की "त्यात काय, गाठोडी बांधायची". अहो पण सासूबाईंची लुगडी, नवऱ्याचे कंपनीचे युनिफॉर्म, पोरांचे तोकडे झालेले कपडे आणि थंडीचं वेगळंच बाड! निफाडचा पारा पेपरात आला की आपल्या शाली, रजया, गोधड्या, कानटोप्या निघतात, दोन महिने वापरायच्या आणि उरलेलं वर्षभर त्यांनी माळा अडवायचा. तर तुम्ही खरंच काय केलं ते लिहा, गुगलवरचं नको.

अंबडवाला:
भाड्याच्या घरात राहणारा माणूस, दर अकरा महिन्यांनी हा कार्यक्रम असतोच. हँगरचे कपडे काढायचेच नाहीत. आठ-दहा हँगरचे हुक सुतळीने एकत्र बांधा, खालून कचऱ्याची मोठी काळी पिशवी चढवा, वर गाठ मारा. नवीन घरी रॉडला अडकवून पिशवी फाडली की झालं. फक्त टेम्पोवाल्याला सांगून ठेवा की हा कचरा नाहीये, नाहीतर तो खरंच बाजूला टाकतो 😄 बाकी रोजच्या कपड्यांना गाठोडंच बेस्ट, जुनी डबल चादर पसरायची, आडवी-उभी गाठ, छोटा हत्ती टेम्पोत कुठल्याही फटीत बसतं.

येवल्याची लेक:
गाठोडी रोजच्या कपड्यांना ठीक, पण पैठणी गाठोड्यात घातलीत तर मी येऊन भांडेन. माहेर येवल्याचं असल्यामुळे हे आईने डोक्यात घट्ट बसवलंय. जरीची साडी प्लॅस्टिकमध्ये कोंडायची नाही, दमटपणा आत राहिला की जर काळी पडते, सुती पंचा नाहीतर मलमलमध्ये गुंडाळायची. डांबराची गोळी साडीला टेकवायची नाही, पुरचुंडी करून कोपऱ्यात ठेवायची, आणि आमच्याकडे तर त्याऐवजी लवंगा नि वेखंडच. अत्तर, सेंट मारलेली साडी तशीच घडी करून ठेवायची नाही. आणि शिफ्टिंगच्या निमित्ताने एक काम करून घ्या, घडी मोडा. वर्षानुवर्ष एकाच घडीवर पडून राहिली की बरोबर त्या रेघेवर रेशीम चिरतं, म्हणून उलगडून, सावलीत वारा देऊन, पदर आतल्या बाजूला घेऊन नवी घडी घालायची. वर जड काही नको, साड्यांच्या बॅगेवर मिक्सर ठेवणारे लोक मी पाहिलेत. ब्लाउज आणि परकर त्याच साडीच्या पोटात, नाहीतर नव्या घरातलं पहिलं लग्न येईपर्यंत मॅचिंग ब्लाउज सापडत नाही. आमच्या साड्यांची बॅग टेम्पोत गेलीच नाही, मांडीवर घेऊन रिक्षाने नेली.

गंगापूर रोड:
व्हॅक्यूम बॅगबद्दल कोणीच बोललं नाही? रजया आणि दुलया एकदम पापडासारख्या सपाट होतात, माळाभर सामान एका खोक्यात गेलं. पण नवीन घरी गेल्यावर लगेच काढा. लोकरी स्वेटर आणि कापसाची गादी-उशी त्यात महिनोन् महिने ठेवू नये, दबलेलं परत फुगत नाही.

देवळाली कॅम्प:
फौजी घर, बदल्यांमध्येच संसार झाला. आमच्याकडे काळ्या लोखंडी पेट्या. पेटीवर बाहेर फक्त नंबर घालायचा, आत काय आहे ते वहीत. पॅकर्सवाल्यांसमोर खोक्यावर ठळक अक्षरात "साड्या - लग्नाच्या" असं लिहिणं म्हणजे आमंत्रणच, आमच्या शेजारच्या वहिनींचं तेच एक खोकं पोचलं नाही आणि कंपनी म्हणे यादीत होतंच कुठे. म्हणून यादी आपली, त्यावर त्यांची सही, उतरवताना नंबर मोजून घ्यायचे. आणि पेटी माणसाप्रमाणे नाही भरायची, कधी लागणार त्याप्रमाणे भरायची. जानेवारीत लागणारं सगळ्यांचं एका पेटीत, ती आधी चढवा, शेवटी उघडा. रिकाम्या पेट्यांवर गादी टाकली की दिवाण तयार.

जेलरोड:
आम्ही जुलैत हललो, मुहूर्त सासऱ्यांनी काढलेला, त्यामुळे पावसाला कोण बोलणार. मार्केट यार्डातल्या ओळखीच्या माणसाने फुकटात गोण्या दिल्या, कांद्याच्या होत्या. पुढचे कित्येक दिवस ऑफिसमध्ये मी भज्यांच्या गाडीसारखा वास मारत होतो. द्राक्षाची खोकी मात्र मस्त, मोजे, रुमाल, आतले कपडे, बाळाची झबली त्यात बरोब्बर बसतात, पण भोकं असतात म्हणून आत पिशवी लावायचीच. आणि पांढऱ्या कपड्यांना पेपर गुंडाळू नका, शाई उतरते. उलट करा, काचेच्या ग्लासांना जुने टी-शर्ट गुंडाळा, पेपरचा खर्च वाचतो आणि टी-शर्टही पोचतात.

नवी आई:
झबल्यांवरून आठवलं. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलंय, बाळाच्या कपड्यांत, दुपट्यांत डांबरगोळ्या अजिबात नाही, त्या वाफेने काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. आणि डांबरगोळ्या नि कापूर एकत्र ठेवू नका, दोन्ही मिळून पाघळतात, कपड्यावर तेलकट डाग पडतो.

पंचवटी:
सगळे भरण्याबद्दल लिहिताय, काढण्याबद्दल लिहा की. अर्ध सामान हलवायचंच नसतं. आमच्या आईने बोहारणीला दारात बसवलं, एका पातेल्यासाठी चांगला तासभर घासाघीस, "ही पँट तर नवीच आहे गं" विरुद्ध "चेन तुटलीय मावशी". सुती साड्या आईने गोधडीसाठी मागे ठेवल्या ते बरंच झालं, कारण एका साडीच्या घडीतून हजाराच्या दोन नोटा निघाल्या. जुन्या! २०१६ च्या नोटबंदीत आईने शपथेवर सांगितलं होतं की माझ्याकडे काही नाही. नाशिकरोडला नोटा छापल्या जातात तिथे आमच्या घरात रद्दी झालेल्या नोटा, बाबा अजून हसतात. तर देण्याआधी खिसे, पदर, घड्या, ब्लाउजचे बटवे सगळं झटकून घ्या.

सिडकोची सून:
देवा! सासूबाईंची लुगडी आज रात्रीच झटकते 😂 आणि लोखंडी कपाट? नवरा म्हणतोय खणातले कपडे तसेच राहू दे, वजन कितीसं असणार.

अंबडवाला:
नको वहिनी. सिडकोचा तो अरुंद जिना, वळणावर कपाट तिरपं होतं, कपडे सगळे एका बाजूला सरकतात, दार वाकतं मग कायमचं लागत नाही. रिकामं करा, लॉकरची किल्ली तुमच्या पर्समध्ये, दारांना दोरी.

देवळाली कॅम्प:
आणि पोरांचे शाळेचे युनिफॉर्म, बूट-मोजे, तुमचे दोन गाऊन, टॉवेल, चादरी हे टेम्पोत देऊच नका गं. शाळेच्या बसवाले काकांना शिफ्टिंग कळत नाही.